पाण्याची वाट : गाडीच्या आतील गळतीविषयी वाचकांचे प्रश्न

पावसाळा सुरू झाला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांमध्ये एकच तक्रार वारंवार दिसते, ती म्हणजे बंद गाडीच्या आत पाणी कोठून येते हे कळत नाही. त्यामुळे या वेळचे सर्व प्रश्न याच विषयाचे घेतले आहेत. उत्तरे देताना गाडीचे नेमके मॉडेल जेथे महत्त्वाचे नव्हते, तेथे ते वगळले आहे, कारण गळतीची कारणे बहुतेक गाड्यांमध्ये सारखीच असतात.

प्रश्न : माझी सहा वर्षांची हॅचबॅक गाडी घराशेजारच्या आंब्याखाली उभी असते. गेल्या पावसाळ्यापासून रात्रभर पाऊस झाला की सकाळी चालकाच्या शेजारील आसनापुढे पायाखाली पाणी साचलेले असते. गॅरेजमध्ये पुढच्या काचेभोवती दोनदा सिलिकॉन भरून घेतले. पहिल्या वेळी आठ दिवस काही झाले नाही, पण ते आठ दिवस पाऊसही नव्हता. आता काच काढून पुन्हा बसवावी लागेल असे सांगतात. तसे करावे का?
— एक शिक्षक, चिपळूण

उत्तर : काच काढण्याची घाई कृपया करू नका. आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचा शब्द ‘आंब्याखाली’ हा आहे.

गाडी पावसाचे सगळे पाणी बाहेरच अडवते, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात गाडीची रचना कौलारू घरासारखी असते. पाणी ठरावीक ठिकाणी आत घ्यायचे आणि ठरावीक पन्हळीतून बाहेर सोडायचे, हे त्यामागचे तत्त्व आहे. पुढच्या काचेवरून वाहणारे पाणी वायपरखालच्या प्लास्टिकच्या जाळीतून एका आडव्या पत्र्याच्या पन्हळीत पडते आणि तिच्या दोन्ही टोकांना असलेल्या भोकांतून पुढच्या चाकांच्या मागे जमिनीवर जाते. ब्लोअर बाहेरची ताजी हवा याच पन्हळीतून घेतो, आणि आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांमध्ये त्याचे तोंड डाव्या बाजूला, म्हणजे चालकाच्या शेजारील आसनापुढे असते. या तोंडाला पाणी शिरू नये म्हणून थोडा उंच काठ दिलेला असतो. आंब्याची पाने, मोहर आणि धूळ यांचा चिखल होऊन खालची भोके बुजली की पन्हळ तुंबते, पाणी त्या काठावरून ब्लोअरमध्ये उतरते आणि तेथून आपल्या पायाखाली येते. म्हणून आपल्या बाबतीत पाणी आत येण्याची जागा उघडी पडलेली नसून बाहेर जाण्याची जागा बंद झालेली असण्याचीच शक्यता मला अधिक वाटते. असे असेल तर काचेभोवती कितीही सिलिकॉन भरले तरी उपयोग होणार नाही.

याची खात्री घरच्या घरी करता येते. डॅशबोर्डचा डावा कप्पा उतरवल्यावर त्यामागे बहुतेक गाड्यांमध्ये एसीचा केबिन फिल्टर असतो. तो ओला, डागाळलेला किंवा पानांच्या तुकड्यांनी भरलेला निघाला तर पाणी ब्लोअरच्या वाटेनेच येत आहे, असे जवळजवळ निश्चित समजावे. ब्लोअर सुरू केल्यावर खळखळ किंवा घरघर ऐकू येणे हीदेखील त्याचीच खूण आहे. त्यानंतर बॉनेट उघडून वायपरखालची जाळी उतरवून घ्यावी. बऱ्याच गाड्यांमध्ये त्यासाठी आधी वायपरचे दांडे काढावे लागतात, आणि जुन्या जाळीच्या प्लास्टिक क्लिपा उन्हाने ठिसूळ झालेल्या असल्यामुळे सावकाश काम करावे. साचलेला पाला हाताने उचलून बाहेर काढावा. पाण्याच्या जोराने तो भोकांकडे ढकलू नये, कारण तसे केल्यास तो आणखी घट्ट बसतो. काही गाड्यांत भोकाच्या तोंडाशी रबराची चपटी नळी असते. तिच्या ओठांत चिखल अडकतो, तो बोटांनी दाबून मोकळा करावा. तेथे तार खुपसल्यास रबर फाटते. शेवटी दोन्ही टोकांना एकेक तांब्या पाणी ओतावे आणि दुसऱ्या व्यक्तीने चाकामागे वाकून पाहावे. ओतल्याबरोबर पाणी खाली पडले पाहिजे. थांबून, थेंबाथेंबाने आले तर वाट अजून मोकळी झालेली नाही.

पन्हळ स्वच्छ करूनही पाणी आलेच, तर मगच काचेचा संशय घ्यावा आणि तोही तपासून घ्यावा. पाइपने पाणी मारण्याची चाचणी नेहमी खालून वर करत न्यावी. एक व्यक्ती आत टॉर्च घेऊन बसेल आणि दुसरी बाहेरून हलक्या धारेने आधी काचेचा खालचा काठ, मग बाजू आणि शेवटी छत असे प्रत्येक ठिकाणी काही मिनिटे थांबून भिजवेल. छतापासून सुरुवात केली तर सगळेच एकदम ओले होते आणि चाचणीतून काहीच कळत नाही. सर्व्हिसिंगच्या वेळी वापरतात तो जोराच्या फवाऱ्याचा पंप या कामासाठी वापरू नये, कारण जेथून पावसाचे पाणी कधीच शिरले नसते तेथूनही तो पाणी आत घालतो आणि चुकीचा निष्कर्ष हाती येतो.

इंजिन आणि बैठक यांच्यामधल्या पत्र्यातून तारांचे जुडगे आत येते, त्या ठिकाणचा रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकात बसवलेली रबरी कडी, हीही एकदा पाहून घ्यावी. जादा दिवे किंवा हॉर्न बसवताना ती कापून नवी तार आत घेतलेली मी अनेक गाड्यांत पाहिली आहे. अशी तार वरून उतरत आत येत असेल तर पाणी तिच्यावरूनच वाहत आत येते. आत शिरण्याआधी तारेला खाली झोळ दिला की थेंब त्या झोळावरून गळून पडतात.

प्रश्न : मे महिन्यात, पावसाचा थेंबही नसताना, आमच्या गाडीत डाव्या बाजूची चटई भिजते. पाणी स्वच्छ असते आणि त्याला वास नसतो. माझ्या नागपूरच्या भावाकडे हीच गाडी आहे, त्याला असा त्रास कधी झाला नाही.
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : हे पाणी एसीचे आहे. डॅशबोर्डच्या आत असलेल्या एसीच्या थंड जाळीवर हवेतील बाष्प गोठून नव्हे, तर पाणी होऊन जमते आणि एका रबरी नळीवाटे गाडीखाली सोडले जाते. एसी चालू असलेली गाडी थांबली की खाली ओला डाग दिसतो, तो याच पाण्याचा. आपल्याकडे खाडी आणि समुद्र जवळ असल्यामुळे मे महिन्यातील हवा बाष्पाने भरलेली असते, म्हणून हे पाणी भरपूर निघते. नागपूरची मेमधली हवा कितीतरी अधिक तापलेली असली तरी कोरडी असते, त्यामुळे तेथे त्याच गाडीतून फारच कमी पाणी निघते. भावाच्या गाडीची नळी बुजली असली तरी त्यांच्या ते उन्हाळ्यात लक्षात येणार नाही.

एसी अर्धा तास चालवून गाडी सपाट जागी उभी करावी आणि खाली पाहावे. जमीन कोरडी आणि चटई ओली असेल तर नळीत धूळ साचली आहे किंवा कुंभारीण माशीने तिच्या तोंडाशी मातीचे घर बांधले आहे. नळीचे टोक गाडीच्या खालून सापडल्यास मऊ, लवचिक वस्तूने तोंडाजवळची माती काढावी. आतून जोराची हवा मारू नये, कारण नळी एसीच्या जाळीखालच्या डब्यापासून निसटली तर पुढे सगळे पाणी थेट गालिच्याखाली जाऊ लागते.

प्रश्न : सनरूफ असलेली गाडी घेऊन चार वर्षे झाली. या वर्षी छताच्या कापडावर आरशाच्या बाजूला तपकिरी डाग पडला आणि पुढच्या काचेशेजारच्या खांबाचे आवरण ओले लागते. सनरूफचे रबर बदलून घेतले तरी फरक नाही. हे रबर बरेच महाग पडले.
— एक वाचक, पुणे

उत्तर : खर्च वाया गेला याचे वाईट वाटते, आणि हा सल्ला अनेकांना दिला जातो म्हणून येथे स्पष्टपणे लिहितो. सनरूफचे रबर पाणी पूर्णपणे अडवण्यासाठी नसतेच. काचेच्या कडेने थोडे पाणी आत जाणार हे गृहीत धरूनच तिच्याभोवती एक खोबण दिलेली असते, आणि त्या खोबणीच्या कोपऱ्यांतून बारीक नळ्या खाली जातात. पुढच्या दोन नळ्या पुढील खांबांमधून आणि मागच्या दोन मागील खांबांमधून जाऊन गाडीखाली उघडतात. आपल्या गाडीत डाग पुढे आहे आणि पुढचा खांब ओला आहे, म्हणजे पुढची एक नळी बुजली आहे किंवा जोडापासून सुटली आहे.

सनरूफ उघडून पुढच्या कोपऱ्यातील भोकात अर्धा पेला पाणी हळूहळू ओतावे. पाणी लगेच निघून जाऊन पुढच्या चाकाच्या मागे किंवा दरवाजाच्या बिजागरीजवळ बाहेर पडले तर ती बाजू ठीक आहे. ते वर साचून राहिले तर नळी बुजलेली आहे, आणि ते वरून निघून गेले पण गाडीखाली आलेच नाही तर नळी मध्येच सुटलेली आहे. या तिसऱ्या स्थितीत पाणी ओतणे ताबडतोब थांबवावे, कारण ते खांबातून थेट डॅशबोर्डच्या मागच्या तारांवर जात असते. बुजलेल्या नळीसाठी गवत कापण्याच्या यंत्रात असते तसली नायलॉनची जाड, लवचिक दोरी उत्तम. तिचे टोक तापवून गोलसर करावे म्हणजे ते नळीला टोचत नाही, आणि ती हलक्या हाताने आत सरकवावी. टायरवाल्याकडच्या हवेच्या पंपाने नळी मोकळी करून देतो असे कोणी म्हटले तर नम्रपणे नकार द्यावा, कारण आतले जोड नुसते दाबून बसवलेले असतात आणि ते सुटले तर छताचे कापड उतरवण्याचे मोठे काम निघते.

एक गोष्ट आणखी सांगावीशी वाटते. उतारावर गाडी नाक खाली करून उभी करता की वर करून, यावर पाणी कोठे दिसेल हे अवलंबून असते. पत्र्याच्या जमिनीवरून गालिच्याखाली पाणी सरकत जाते, त्यामुळे मागच्या आसनापुढे सापडलेले पाणी पुढच्या खांबातून आलेले असू शकते. ज्या जागी पाणी दिसते ती जागा केवळ सर्वांत सखल असते.

प्रश्न : स्टेपनी काढायला गेलो तर तिच्या खोबणीत पाणी भरलेले होते आणि पाना गंजून गेला होता. डिकीतली चटई मात्र वरून कोरडी आहे.
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : चटई कोरडी असणे हीच मुख्य खूण आहे. पाणी झाकणाच्या रबरी बीडिंगवरून आले असते तर वरची चटई आधी भिजली असती. म्हणजे ते बाजूच्या पत्र्यावरून आतल्या आत उतरत आहे. मागच्या दिव्यांमागची गास्केटे (फट बंद करणाऱ्या मऊ पट्ट्या), बंपरच्या आड असलेली हवा बाहेर जाण्याची झडप आणि दोन पत्र्यांच्या जोडावरचे सीलंट अशी तीन ठिकाणे सर्वप्रथम पाहावीत. मागून धडक बसून गाडीचे पत्राकाम झाले असेल तर जोडाचा संशय आधी घ्यावा.

आतली सर्व अस्तरे उतरवून पत्रा पूर्ण कोरडा करावा आणि त्यावर साधी टाल्कम पावडर शिंपडावी. मग बाहेरून पाइपने आधी एका दिव्याभोवती, थोड्या वेळाने दुसऱ्या दिव्याभोवती पाणी सोडावे. पाणी ज्या वाटेने उतरेल तेथे पावडरीवर ओघळ स्पष्ट उमटतो आणि तो वरपर्यंत शोधत गेले की उगम सापडतो. आत बसून पाहण्यासाठी कोणालाही डिकीत बंद करू नये. मागचे आसन पाडून प्रवासी बाजूने टॉर्चने पाहता येते.

पाइपने पाणी न मारता करता येणारी आणखी एक पद्धत आहे. सर्व काचा बंद करून ब्लोअर बाहेरच्या हवेवर, पूर्ण वेगात चालवावा. आतल्या हवेचा दाब किंचित वाढतो. मग बाहेरून जोडांवर आणि दिव्यांच्या कडांवर साबणाचे पाणी ब्रशने लावावे. फट असेल तेथे बुडबुडे येतात. हवेची झडप मात्र मुद्दाम हवा सोडण्यासाठीच असते, त्यामुळे तेथील बुडबुड्यांवरून गळतीचा निष्कर्ष काढू नये. दिव्याच्या गास्केटची फट सापडल्यास गास्केटच बदलावे. गास्केट मिळत नसेल तर ब्युटाइलची चिकट पट्टी लावावी. स्वयंपाकघराच्या ओट्याला लावतात ते व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन पत्र्यावर लावू नये, कारण सुकताना त्यातून निघणारे ॲसिटिक ॲसिड उघड्या पत्र्याला गंज चढवते.

प्रश्न : दरवाजांत नवे स्पीकर बसवल्यापासून उजव्या मागच्या दरवाजाखालचा गालिचा पावसात भिजतो. याचा काही संबंध असेल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : थेट संबंध आहे. काच खाली-वर होते त्या फटीतून दरवाजाच्या पोकळीत पाणी जातेच आणि खालच्या भोकांतून बाहेर पडते. ते आत येऊ नये म्हणून आतल्या आवरणामागे प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो. स्पीकर बसवताना तो फाडला जातो किंवा पुन्हा नीट चिकटवला जात नाही. ज्याने स्पीकर बसवले त्याच्याकडूनच आवरण उतरवून तो कागद ब्युटाइलच्या पट्टीने चहूबाजूंनी, विशेषतः खालच्या कडेला चिकटवून घ्यावा, आणि त्याच वेळी दरवाजाची खालची भोके मोकळी आहेत ना ते पाहावे. दरवाजा उघडताना आत पाणी डुचमळल्याचा आवाज येत असेल तर ती भोके बंद आहेत. ती कधीही, कोणत्याही कारणाने बुजवू नयेत.

प्रश्न : आमच्या गाडीत पायाखाली थोडेसे चिकट पाणी येते, गोडसर वास येतो आणि पुढची काच आतून तेलकट धुरकट होते.
— एक वाचक, सातारा

उत्तर : हे पाणी नसून कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव आहे. डॅशबोर्डमधील हीटरची जाळी किंवा तिची नळी गळत आहे. इंजिन थंड असताना कूलंटची पातळी तपासा, ती उतरलेली आढळेल. या स्थितीत दूरचा प्रवास किंवा घाट टाळा, कारण कूलंट संपत आले की इंजिन तापते. बहुतेक कूलंटमध्ये असलेले इथिलीन ग्लायकॉल विषारी असते आणि गोड लागते, म्हणून लहान मुले आणि पाळीव प्राणी यांना दुरुस्ती होईपर्यंत त्या गाडीपासून दूर ठेवा. इतर गळतींसाठी रविवारची वाट पाहता येते, पण या गळतीसाठी पाहू नये.

प्रश्न : गळती सापडली आणि बंद झाली. पण महिना झाला तरी कुबट वास जात नाही. सुगंधी डब्या, खाण्याचा सोडा, सर्व करून झाले.
— एक गृहिणी, रत्नागिरी

उत्तर : वास गालिच्यात नसून गालिच्याखाली आहे. वरचे कापड दोन दिवसांत कोरडे होते, पण त्याखाली फोम किंवा तागाचा जाड थर असतो, त्यात कित्येक लिटर पाणी राहू शकते आणि वरून त्याचा पत्ताही लागत नाही. एक घडी घातलेला सुती पंचा पायाखाली ठेवून त्यावर टाचेने जोर द्यावा. पंचा ओला झाला तर थर अजून भिजलेला आहे.

हा थर उचलल्याशिवाय सुकत नाही. त्यासाठी उंबऱ्याच्या पट्ट्या आणि बहुधा पुढचे आसन काढावे लागते. आसनाखाली पिवळ्या जोडाच्या तारा असतील तर त्या एअरबॅगच्या किंवा पट्टा ताणणाऱ्या यंत्रणेच्या असतात. बॅटरीची ऋण तार काढून काही मिनिटे थांबल्याशिवाय त्यांना हात लावू नये, आणि सवय नसेल तर हे काम कुशनवाल्याकडे किंवा गॅरेजमध्येच करून घ्यावे. गालिचा पूर्ण काढता येत नसेल तर त्याची कड उचलून खाली लाकडाचे ठोकळे सरकवावेत, ओला कचरा ओढणाऱ्या व्हॅक्युमने पाणी शोषून घ्यावे आणि टेबलफॅनचा झोत खालून सोडावा.

कोकणात पावसाळ्यात काचा उघड्या ठेवून गाडी सुकत नाही, कारण बाहेरची हवाच ओली असते. त्याऐवजी काचा बंद करून, मोकळ्या जागेत गाडी चालवत असताना एसी आणि हीटर दोन्ही सुरू ठेवावेत. हीटर ओल उपसतो आणि एसी ती गाडीखाली सोडतो. रोज अर्धा तास असे केले तर आठवड्याभरात बराच फरक पडतो. फोमवर काळे ठिपके दिसले तर ती बुरशी आहे. घरात कोणाला दम्याचा त्रास असेल तर असा थर स्वच्छ करण्यापेक्षा बदलून टाकावा. गालिचा उचललेला असतानाच पत्र्यावरचा गंज घासून त्यावर प्रायमर लावून घ्यावा, आणि जमिनीच्या पत्र्यातली रबरी बुचे जागेवर आहेत का ते मोजून पाहावे. एखादे बूच निघालेले असेल तर रस्त्यावरच्या प्रत्येक डबक्यातून पाणी खालून आत येत राहते, आणि ते वरून कितीही शोधले तरी सापडत नाही.